पंप गेलाय, की पंपाचा करंट?

सेल्फ ठणठणीत फिरतो, पण गाडी सुरू होत नाही. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून येणारा बारीक घुर्रऽ आवाजही बंद. एवढ्या पुराव्यावर लोक ऑनलाइन फ्युएल पंप मागवतात, रविवारी सीट उचकटून बसवतात, आणि गाडी सुरू झाली की ‘घरच्या घरी पंप बदलला, गॅरेजचे पैसे वाचले’ म्हणून मिरवतात. महिना-दोन महिन्यांनी गाडी पुन्हा अडून बसते. मग विक्रेत्याच्या नावाने बोटं मोडायची, डुप्लिकेट माल निघाला म्हणून. पुष्कळदा माल चांगला असतो. जुना पंपही चांगलाच होता, फक्त त्याला पुरेसा करंट मिळत नव्हता.

बोलतोय ते एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीच्या टाकीत बुडालेल्या इलेक्ट्रिक पंपाबद्दल. कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० किंवा पद्मिनीचा पंप इंजिनाला चिकटलेला असायचा, कॅमच्या धक्क्यावर चालायचा. पडदा फाटला की पंप गेला, विजेचा संबंधच नाही. डिझेल कॉमन रेलचा हाय प्रेशर पंप वेगळाच प्राणी, तिथे दाब हजार बारच्या वर जातो, घरी हात लावू नका. ज्या नव्या टर्बो गाड्यांत पंपाचा वेग वेगळं कंट्रोल युनिट ठरवतं, त्यांनाही पुढची चाचणी लागू नाही.

पंप खरोखर जातो म्हणजे काय: मोटरला आत वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश झिजतात, मोटर जाम होते. फ्यूज बघणं दोन मिनिटांचं काम. पंपाच्या तोंडाशी पेट्रोल गाळणारी जाळी चोंदली तर पंप गप्प बसत नाही, उलट जास्त ओरडतो. हे सगळं सोपं आहे.

घोळ होतो तो मल्टिमीटरने. जरा काळजी घेणारा माणूस पंपाचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, काढतो, मीटर लावतो, चावी ऑन करतो, १२ व्होल्ट दिसतात आणि निकाल लागतो: ‘करंट येतोय, म्हणजे पंपच गेला.’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता चीड येते. मीटरने दाखवलं ते व्होल्टेज. करंट वाहिलाच नाही, कारण पंप तर तुम्ही काढून ठेवलाय, आणि डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम, तो काय ओढणार? तारेचा एकच धागा शिल्लक असू दे, पिन काळी पडलेली असू दे, मीटर १२च दाखवेल. नळ बंद असताना गंजाने बुजलेल्या पाइपातही दाब पूर्ण असतो, खरं काय ते नळ सोडल्यावर कळतं. एलईडीवाला टेस्टर तर मीटरइतकाच भोळा.

पंप चालताना साधारण ४ ते ८ अँपिअर ओढतो. वाटेत कुठे अर्धा ओहम रोध असेल, तर ५ अँपिअरला अडीच व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. सेल्फ मारताना बॅटरी आधीच दहा-साडेदहावर उतरलेली असते. त्यातून अडीच वजा केले की पंपाच्या वाट्याला आठच्या आत-बाहेर उरतात. तेवढ्यावर तो फिरला तरी रडतखडत फिरतो, आणि इंजेक्टरना लागणारा ३ ते ४ बारचा दाब तयार होत नाही. खराब जोड तापला की आणखी बिघडतो. म्हणून सकाळी निमूट सुरू होणारी गाडी भर दुपारी रुसते, खंडाळ्याच्या चढाला पिकअप मारत नाही. झिजलेल्या पंपाची लक्षणंही अगदी हीच, त्यामुळे लक्षणांवरून निदान करायच्या भानगडीत पडूच नका.

लोड लावून मोजा. त्यासाठी हेडलाइटचा एच-४ बल्ब पुरतो. त्याचा ६० वॉटचा फिलामेंट १२ व्होल्टला ५ अँपिअर ओढतो, म्हणजे जवळपास पंपाएवढेच. कपलरमध्ये बहुतेकदा चार तारा असतात: जाड दोन पंपाच्या, बारीक दोन पेट्रोल गेजच्या. जाड तारांच्या पिनांना लांब वायरने बल्ब जोडा आणि बल्ब गाडीबाहेर ठेवा. टाकी उघडण्याआधीच हे करायचं, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर करायचंच नाही. आधी जोडणी, मग चावी. चावी ऑन झाल्यावर बहुतेक गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पंपाला दोन-तीन सेकंदच वीज देतो, तेवढ्यात मीटर वाचा. बॅटरीवर १२.४ आणि इथे ११.८ असतील, तर कपलरपर्यंतची वायरिंग ठीक. इथे ९ आणि बल्ब पिवळट? पंप मागवू नका.

मग कुठे गळतंय ते शोधा. बल्ब पेटलेला असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं कपलरच्या अर्थ पिनला. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंग खराब. रिले, म्हणजे पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच, सगळे बदलतात, अर्थचा बोल्ट कोणी उघडून बघत नाही, आणि कोकणातल्या गाड्यांत तोच गंजलेला निघतो. अर्थ चांगला असेल तर रिलेचं सॉकेट बघा. त्यानंतर माझा संशय नेहमी जीपीएस ट्रॅकरवर, चोरी झाली तर इंजिन बंद पाडायला पंपाच्याच तारेत घुसवलेल्या त्याच्या रिलेवर. तारा सोललेल्या, पिळलेल्या, वर काळी टेप. सोल्डरिंग नाही, दाबून बसवलेला क्रिंप जोड नाही. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटमध्येही कधीकधी हेच सापडतं.

मग नवा पंप टाकल्यावर गाडी सुरू कशी झाली? कपलर काढून परत बसवताना पिना एकमेकींवर घासल्या आणि वरची काजळी निघाली. शिवाय नवी मोटर मोकळी फिरते, करंट कमी ओढते, त्यामुळे खराब जोडही काही दिवस निभावून नेतो. टाकीला खालून रबरी हातोडीने ठोकायची गॅरेजवाल्यांची आवडती युक्तीही अशीच फसवते. ठोकल्यावर पंप फिरला म्हणजे ब्रश गेले, असं ते छातीठोकपणे सांगतात. त्या ठोक्याने कपलरही हलला, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही.

बल्ब लख्ख पेटला तरच टाकीकडे वळा. काम मोकळ्यावर करा, बेसमेंट पार्किंगमध्ये मुळीच नाही, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खालीच साचते. पंपाचा रिले काढून सेल्फ मारा म्हणजे लाइनमधला दाब उतरेल, मग बॅटरीचं निगेटिव्ह काढा, आणि तरीही पाइप सोडताना वर फडकं धरा. झाकणावरची धूळ आधी साफ करा, नाहीतर ती सरळ टाकीत जाते. रबरी रिंग नवीच हवी. तिच्याऐवजी सिलिकॉन सीलंट फासणाऱ्यांना माझ्या गाडीजवळ फिरकू देणार नाही, ते पेट्रोलमध्ये फुगतं, सुटतं आणि जाळीत जाऊन बसतं.

असेंब्ली, म्हणजे झाकणासकट पंपाचा पूर्ण संच, हातात आली की मोटर सोडवण्याआधी झाकणाच्या आतल्या पिना आणि मोटरपर्यंतची दोन छोटी वायर बघा. बल्बची चाचणी कपलरपाशी संपते, हा शेवटचा वीतभर रस्ता तिला दिसत नाही. तिथे प्लास्टिक वितळलेलं किंवा पिन करपलेली असेल, तर नुसती मोटर टाकून उपयोग नाही, पूर्ण असेंब्ली घ्या, आणि बाहेरच्या कपलरची तीच पिनही बदला. आतलं सगळं स्वच्छ असेल तर मी फक्त मोटर आणि जाळी बदलतो.