ट्रॅकवर शिकायला जाताय? साधेच टायर बरे

पहिल्या ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी रेसिंग ट्रॅकवर पळवायला, निघालेल्या माणसाला गाडीवेडे मित्र हमखास सांगतात, "भाऊ, आधी सेमी-स्लिक टाक, मग बोल." सेमी-स्लिक म्हणजे कमी खाचांचा, चिकट रबराचा, जवळजवळ रेसिंगचा टायर. लॅप टाइम, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ, कमी करायचा असेल तर सल्ला ठीक आहे. गाडी ताब्यात ठेवायला शिकायचं असेल, तर माझ्या मते चुकीचा.

खोडरबर कागदावर दाबून हळूच बाजूला ढकला. आधी तो वाकतो, मग कडेने घसरू लागतो आणि शेवटी पुरता निसटतो. तळहाताएवढ्या जागेत रस्त्याला टेकलेल्या टायरचंही वळणावर हेच होतं. चाकाचं तोंड एकीकडे असतं आणि ते जातं किंचित दुसरीकडे. या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. साध्या टायरची पकड हा कोन साधारण 6 ते 10 अंशांचा होईपर्यंत वाढते आणि पुढे बेताबेताने उतरते. सेमी-स्लिकमध्ये पकड जास्त, पण हा उतार बहुधा तीव्र असतो. हा टायर सुटतो तेव्हा सावरायला वेळ देत नाही.

शिवाय साधा टायर ओरडतो. ट्रेडचे, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या खाचदार थराचे, ठोकळे चिकटतात, सुटतात, परत चिकटतात. त्या कंपनाचा तो आवाज. आधी गुणगुण, मग किंचाळी, आणि पुढची चाकं पार घसरायला लागली की आवाजाची जातच बदलते. नवख्याला स्टिअरिंगमधून काही कळायच्या आधी हे कानाला कळतं. चिकट टायर त्या मानाने मुका.

आता थोडं गणित. 50 मीटर त्रिज्येचं सपाट वळण घ्या. घर्षणांक (पकडीचा आकडा) साध्या टायरसारखा 0.8 असेल तर गाडी ताशी 71 किलोमीटरला सुटेल, चिकट टायरसारखा 1.2 असेल तर 87 ला. फरक 16 चाच दिसतो, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती थेट दीडपट झाली. चूक तीच, पण बाहेरच्या मातीत गाडी दीडपट लांब जाणार.

मग घ्यायचं काय? कंपनीने दिलेल्या मापाचाच चांगला रोड टायर. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, ट्रेडवेअरचा (ट्रेड किती टिकेल याचा) आकडा असेल तर 300-400 च्या आसपासचा चालेल; मात्र हा आकडा कंपन्या स्वतःच ठरवतात, त्यामुळे दोन ब्रँडची तुलना ढोबळच. कोरडा ट्रॅक असेल तर कोऱ्या टायरपेक्षा थोडा झिजलेला बरा, कारण 8 मिलिमीटर उंच ठोकळे डुलतात, तापतात आणि त्यांचे तुकडे उडतात. झिजलेला म्हणजे जुनाट नव्हे. साइडवॉलवर 2319 लिहिलं असेल तर टायर 2019 च्या 23 व्या आठवड्यातला आहे, त्याचं रबर आता कडक झालेलं असणार. आणि दोनच चांगले टायर असतील तर ते मागे. पुढे टाकलेत तर शेपटी बाहेर येईल.

नागपूरकरांना आणखी एक अडचण. चेन्नईजवळचा ट्रॅक इथून हजार किलोमीटरांपेक्षा लांब, आणि जाणं-येणं त्याच टायरवर. वाटेत पाऊस लागला तर सेमी-स्लिकच्या तुटपुंज्या खाचांना पाणी बाहेर फेकणं जमत नाही, गाडी पाण्यावर तरंगू लागते.

हवेचंही बघा. टायर 10 अंशांनी तापला की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. सकाळी 32 भरलेला टायर 40 अंशांनी तापला की 38 दाखवतो, म्हणून ट्रॅकवर मध्येच थोडी हवा सोडतात. परतीला निघण्याआधी, टायर थंड झाल्यावर, ती पुन्हा भरून घ्या. कमी हवेचा टायर मे महिन्यातल्या विदर्भाच्या हायवेवर आतून तापतो आणि फुटतो.