शस्त्र परवाना: पात्रता, कागदपत्रे आणि 'कशासाठी हवे' या रकान्याचे वजन

शस्त्र परवान्याच्या अर्जात नाव, पत्ता आणि जन्मतारीख भरायला दहा मिनिटे पुरतात. गाडी अडते ती शस्त्र कशासाठी हवे या रकान्यापाशी. बहुतेक अर्जदार तिथे 'आत्मसंरक्षणासाठी' एवढा एकच शब्द लिहून मोकळे होतात आणि काही महिन्यांनी नकाराचे पत्र हाती आले की आपला हक्क डावलला गेला असे मानतात. मुळात भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांना असावा असे म्हटले होते आणि १८७८ च्या ब्रिटिश शस्त्र कायद्याने नि:शस्त्र केलेल्या समाजाच्या तोंडी ती मागणी स्वाभाविकच होती. मात्र डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामथ यांनी घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. उलट राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने एकत्र जमण्याचे जे स्वातंत्र्य दिले आहे, ते 'शांततेने व विनाशस्त्र' जमण्याचे आहे. शीख धर्मीयांच्या कृपाणाचा उल्लेख तेवढा अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात स्वतंत्रपणे येतो. तेव्हा परवाना ही शासनाने कारण तपासून दिलेली परवानगी आहे, हे ध्यानात ठेवूनच अर्ज लिहावा.

अर्ज कोणाला करता येतो

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. हिंसा किंवा नैतिक अधःपतन यांचा अंतर्भाव असलेल्या गुन्ह्यात कोणत्याही मुदतीची कैद झालेल्या व्यक्तीस शिक्षा संपल्यानंतर ५ वर्षे शस्त्र बाळगता येत नाही. मनोविकल व्यक्तीस आणि शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागलेल्या व्यक्तीस त्या बंधपत्राच्या मुदतीत हीच मनाई लागू असते. केवळ प्रलंबित असलेला खटला या निर्योग्यतांच्या यादीत नाही, परंतु सार्वजनिक शांतता व सुरक्षितता यांच्या दृष्टीने परवाना नाकारण्याचा अधिकार कलम १४ ने प्राधिकाऱ्यास दिला असल्यामुळे त्याची दखल घेतली जातेच, आणि म्हणून तो लपवण्यात अर्थ नसतो. त्याच कलमात एक चांगली तरतूद आहे, जी फारशी कोणी वाचत नाही: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही.

पात्रतेनंतर प्रश्न येतो गरजेचा. व्यवसाय, पेशा किंवा नोकरी यांच्या स्वरूपामुळे जीविताच्या अथवा मालमत्तेच्या रक्षणासाठी ज्यांना खरोखरच शस्त्राची आवश्यकता आहे असे लोक, सैन्यदल, केंद्रीय सशस्त्र दले किंवा राज्य पोलीस यांत सेवेत असलेले व सेवा केलेले लोक, आणि नेमबाजी मंडळाचे अथवा रायफल असोसिएशनचे किमान दोन वर्षे सक्रिय सदस्य असलेले खेळाडू यांच्या अर्जांचा नियमांत स्पष्ट विचार केलेला आहे. रोकड घेऊन रात्री परतणारा सराफ 'जिवाला धोका आहे' असे मोघम लिहील, तर त्याचे खरे कारणही वाया जाईल. त्याने व्यवसायाची नोंदणी, रोकड वाहतुकीचे स्वरूप, पूर्वी धमकी किंवा लूट झाली असल्यास त्या तक्रारीची अथवा गुन्ह्याच्या नोंदीची प्रत, असे सारे तारखांसह जोडावे. शेजाऱ्याशी बांधावरून असलेले भांडण मात्र कारण म्हणून लिहिणे आत्मघातकी ठरते. असा वाद हे शस्त्र न देण्याचेच सबळ कारण समजले जाते, आणि माझ्या मते ते योग्यही आहे.

शेतकऱ्यांची बाब वेगळी आहे. वानर आणि रानडुकरे यांचा उपद्रव ज्याने सोसला आहे त्याला पीक संरक्षण हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पीक संरक्षणाच्या खऱ्या गरजेसाठी ठासणीची बंदूक, आणि संरक्षण किंवा खेळ यांसाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, यांच्या बाबतीत अधिनियमाची भाषा अधिक उदार आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला मात्र 'सबळ कारण' दाखवावे लागते. शेतकऱ्याने सात-बारा उतारा व नुकसानीचे पंचनामे जोडल्यास उपयोग होतो. परंतु हा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आपल्या जागी लागू राहतो आणि संरक्षित प्राण्यावर गोळी झाडण्यासाठी वेगळी परवानगी लागते.

कागदपत्रे आणि चौकशी

वैयक्तिक अर्ज नमुना ए-१ मध्ये करावयाचा असून तो राष्ट्रीय शस्त्र परवाना प्रणालीच्या संकेतस्थळावर भरता येतो. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त आणि इतरत्र जिल्हा दंडाधिकारी हे परवाना प्राधिकारी असतात; प्रतिबंधित बोअरच्या (सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या नळीव्यासाच्या) शस्त्रांचा विषय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. अर्जासोबत छायाचित्रे, जन्मतारखेचा, ओळखीचा व निवासाचा पुरावा, शस्त्र सुरक्षितपणे ठेवण्याचे हमीपत्र, शारीरिक व मानसिक आरोग्याचे नमुना एस-३ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. सर्व कागदांवरील पत्ता एकच असावा, कारण पोलीस चौकशीला त्याच पत्त्यावर येतात.

संबंधित पोलीस ठाणे चारित्र्य, पूर्वीचे गुन्हे, घरातील व शेजारचे वातावरण आणि सांगितलेल्या कारणातील तथ्य तपासून ३० दिवसांत अहवाल देईल, आणि अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत प्राधिकारी निर्णय घेईल, असे नियम सांगतात. अहवाल मुदतीत आला नाही तर त्याची वाट न पाहता आदेश देण्याची मुभाही प्राधिकाऱ्यास आहे. ती क्वचित वापरली जाते, तरी स्मरणपत्र लिहिताना या तरतुदीचा उल्लेख जरूर करावा.

परवाना मिळाल्यावर

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आहे. वारशाने आलेली बंदूकही या मोजणीत धरली जाते. परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावे परवाना देण्याचा अर्ज करता येतो. परवान्यावर यूआयएन हा ओळख क्रमांक असणे अनिवार्य असून तो नसलेले जुने परवाने आता अवैध ठरले आहेत. आजोबांचे परवाना पुस्तक कपाटात जपून ठेवलेल्या घरांनी हे आधी तपासावे.

लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत हवेत गोळीबार केल्यास, तो परवान्याच्या शस्त्राने असला तरी, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास साधारणपणे २ ते ५ वर्षे कैद व दंड अशी शिक्षा आहे.

निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याची नोटीस येते तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचा गोव्यातील प्रकरणात दिलेला निर्णय उपयोगी पडतो: सरसकट सर्वांची शस्त्रे जमा न करता छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा विचार करावा, अशी पद्धत त्यातून रूढ झाली. बँकेचा सुरक्षारक्षक अथवा स्पर्धेत उतरणारा नेमबाज यांनी समितीकडे लेखी विनंती करावी.

अर्ज नाकारला गेल्यास कारणे लेखी नोंदवणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे आणि मागणी केल्यास त्यांचे संक्षिप्त निवेदन द्यावे लागते. लोकहिताच्या दृष्टीने ते देणे इष्ट नसेल तेवढाच अपवाद. ते निवेदन हाती घेऊन ३० दिवसांच्या आत कलम १८ खाली अपील करता येते. अपिलात तेच जुने वाक्य पुन्हा न लिहिता, ज्या कारणाने नकार आला त्या कारणालाच कागदोपत्री उत्तर द्यावे.