उन्हाळ्याच्या रात्रीचा बास आणि उन्हाळ्याच्या रात्रीचा चणक

मार्च ते मे या महिन्यांत गोव्यात रात्री रॉड घेऊन नदीकाठी बसणाऱ्यांची संख्या वाढते, आणि त्यांतील बरेच जण अमेरिकेतील बास मासेमारीचे व्हिडिओ पाहून तयारीला लागलेले असतात. आपला चणक, म्हणजे रायगडकडचा जिताडा, हॉटेलांच्या मेनूकार्डावर 'सी बास' म्हणून झळकत असल्यामुळे एकाची युक्ती दुसऱ्याला लागू पडेल असे वाटणे स्वाभाविक आहे. उन्हाळ्यात दोन्ही मासे रात्री चांगले लागतात, हेही खरे आहे. मात्र बास रात्री बाहेर पडतो तो मुख्यतः उष्म्यामुळे आणि चणक फिरतो तो भरती-ओहोटीमुळे. हा फरक लक्षात न घेता आखलेली रात्र बहुधा रिकाम्या हाताने संपते.

अमेरिकन व्हिडिओंतील बास हा बहुतेक वेळा लार्जमाऊथ बास असतो. तो उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा, तळ्यांत आणि संथ नद्यांत राहणारा मासा असून गोव्याच्या नद्यांत सापडत नाही. त्याच्या हिरवट अंगावर मधोमध एक काळसर आडवा पट्टा असतो, आणि त्याचा आजवरचा विक्रम सुमारे १० किलोचा आहे. १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात नोंदला गेलेला हा विक्रम २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात बरोबरीला आला. चणक रुपेरी असतो, त्याचे डोके निमुळते आणि माथ्यावर किंचित खोलगट, शेपटी गोलाकार, आणि डोळे विजेरीच्या उजेडात गुलाबी चमकतात. तो गोड्या, मचूळ आणि खाऱ्या अशा तिन्ही पाण्यांत वावरतो आणि वजनात बासला कितीतरी मागे टाकतो. दोघांचे तोंड मोठे आणि दोघेही दबा धरून सावज एका झटक्यात आत ओढून घेणारे; साम्य बहुतांशी एवढ्यावरच संपते.

आता उष्म्याचे पाहू. बास ज्या तळ्यात राहतो, त्याचे पाणी उन्हाळ्यात थरांत विभागले जाते. वरचा थर तापलेला असतो, खालचा थंड असतो, परंतु खालच्या थरातील प्राणवायू हळूहळू संपत जातो, त्यामुळे थंडाव्यासाठी फार खोल जाण्याची सोय बासला उरत नाही. शिवाय पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्याच्या लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. अशा वेळी बास दिवसा सावलीत किंवा जरा खोल पाण्यात सुस्त पडून राहतो आणि सूर्य मावळून वरचे पाणी निवू लागले की उथळ काठाकडे शिकारीला येतो. तेथील मोठ्या तळ्यांवर दिवसा मोटरबोटींची जी वर्दळ असते, तीही रात्री थांबते. पाणवनस्पतींनी भरलेल्या तळ्यात मात्र पहाटेपूर्वीची वेळ फारशी चांगली नसते, कारण रात्रभर वनस्पतीही प्राणवायू वापरत असतात आणि त्याचे प्रमाण तेव्हाच सर्वांत खाली येते.

यातील फारच थोडे मांडवी-जुवारीला लागू पडते. पावसाळ्यात या नद्यांच्या मुखाकडील भागात गोडे पाणी वर आणि खारे खाली असे थर बनतात, पण उन्हाळ्यात नदीचा प्रवाह क्षीण झालेला असल्यामुळे भरती-ओहोटी सगळे पाणी वरपासून खालपर्यंत घुसळून काढते. थंड थर शोधण्याचा प्रश्नच तेथे येत नाही. शिवाय चणक हा मुळातच उष्ण पाण्याचा मासा आहे. पाणी २० अंशांच्या खाली गेले की तो मंदावतो; मे महिन्यातील तिशीच्या वरचे पाणी त्याला मानवते. म्हणून 'आज फार उकडते आहे, रात्री चणक लागणारच' हा हिशेब चुकीचा आहे. उकाड्याचा त्रास काठावर बसणाऱ्याला होतो, माशाला नाही.

चणकासाठी थर्मामीटरपेक्षा पंचांग उपयोगी पडते. कोकणात पूर्वापार चालत आलेला ठोकताळा असा की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. अष्टमीला सहा वाजता, त्रयोदशीला पावणेदहाला, अमावास्येला सव्वाअकराला. तीच वेळ सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा येते. हा हिशेब समुद्राजवळचा आहे, नदीत जसजसे वर जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी कमी चढते-उतरते आणि ओढ मंद राहते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तेव्हा गोव्याच्या किनाऱ्यावर पाण्याच्या पातळीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. या दृष्टीने पाहिले तर त्रयोदशीची रात्र सोयीची ठरते: दहाच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि पुढची सगळी ओहोटी काळोखात मिळते. बाससाठी रात्र पडणे हेच निम्मे काम असते; चणकाच्या बाबतीत रात्र आणि वाहते पाणी यांची गाठ पडावी लागते. पाणी थांबले की चणकही थंडावतो, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

ही गाठ सर्वांत स्पष्ट दिसते ती खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीच्या, मानशीपाशी; मानस म्हणजे त्या बांधातले पाण्याचे दार. मानशीच्या लाकडी झडपा भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली उतरली की उघडतात. त्या क्षणी आतल्या पाण्याबरोबर सुंगटे (कोळंबी) आणि लहानसहान मासळी बाहेर फेकली जाते. धारेने मानशीसमोर खोल खड्डा कोरलेला असतो, आणि चणक धारेच्या ऐन जोरात न राहता त्याच्या कडेला, जेथे पाणी उलटे वळते, तेथे तोंड धारेकडे करून उभा असतो. सुंगट जवळ आले की 'टॉप' असा दणकट आवाज होतो आणि पाण्यावर फक्त भोवरा उरतो. गळ धारेच्या मधोमध टाकण्याऐवजी वर टाकून त्याला धारेबरोबर त्या कडेपर्यंत वाहू द्यावे. जिवंत सुंगट असेल तर वजन अगदी हलके ठेवावे. मानशीवरील मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो आणि तेथे जाळे लावलेले असते, तेव्हा हक्कदाराला विचारल्यावाचून तेथे रॉड उभारणे योग्य नव्हे.

उजेडाच्या बाबतीत मात्र दोघांचे जमते. जेट्टीवरील किंवा पुलावरील दिव्याखाली लहान मासळी गोळा होते, आणि बास असो वा चणक, शिकारी उजेडात न येता सावलीच्या रेषेआड थांबतो. बाससाठी काळ्या रंगाचा लूर, म्हणजे खोटे आमिष, वापरतात, कारण खालून पाहणाऱ्या माशाला आकाशाच्या पार्श्वभूमीवर त्याची काळी आकृती नीट दिसते. मोठ्या पात्याचा, पाणी हादरवणारा लूर संथपणे ओढतात. गढूळ पाण्यात चणकालाही हे चालते, तरी ओहोटीच्या धारेत संथपणा रीलने नव्हे तर प्रवाहानेच ठरतो.

मासा हाती आल्यावर तर बासच्या सवयी विसरलेल्याच बऱ्या. बासच्या खालच्या जबड्यात अंगठा घालून त्याला उचलतात. चणकाच्या कल्ल्यांवरील झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते, ती बोट कापते आणि बारीक दोरीही कापते, म्हणून पुढे जाड लीडर, म्हणजे गळाजवळचा मजबूत दोरीचा तुकडा, हवाच. मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. तेथे रात्री मासा धुण्यासाठी किंवा सोडण्यासाठी पाण्यात उतरू नये.

सोडण्याचा विषय निघालाच आहे, तर एक महत्त्वाचा फरक असा की बासची वीण वसंतात उरकलेली असते आणि नर घरट्यावर राखण करतो; भर उन्हाळ्यात पकडलेला बास त्या जबाबदारीतून मोकळा झालेला असतो. चणकाचे नेमके उलट आहे. तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी बनतो. वीण पावसाळ्याच्या सुमारास नदीमुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात होते, म्हणजे मे महिन्याच्या उधाणाच्या रात्री खाली उतरणारा सर्वांत मोठा चणक बहुधा अंड्यांनी भरलेली मादी असते. दोन-तीन किलोचा मासा घरी न्यावा आणि आठ-दहा किलोची मादी, फोटोसाठी जबड्याला धरून लोंबकळत न ठेवता, पोटाखाली हात देऊन धारेकडे तोंड करून सोडावी.