मुक्त सॉफ्टवेअर कंपन्यांचे अधिग्रहण आणि समुदायाचा प्रतिसाद : सांगली-साताऱ्याच्या संदर्भात

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर उभी असलेली एखादी कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली की त्या सॉफ्टवेअरचे विकसक, भाषांतरकार, सेवा देणारे आणि वापरकर्ते आपापल्या परीने काही पावले उचलतात. कुणी जाहीर पत्र काढतो, कुणी नियामकांकडे दाद मागतो, कुणी काम थांबवतो. सोर्स कोडची (सॉफ्टवेअरच्या मूळ लिखाणाची) प्रत घेऊन वेगळा प्रकल्प सुरू करणे, म्हणजे फोर्क काढणे, हा त्यातला सर्वांत परिणामकारक मार्ग. अनेकजण काहीही न बोलता दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळतात. तोही प्रतिसादच होय. हे सौदे कॅलिफोर्निया किंवा न्यूयॉर्कमध्ये ठरतात, त्यांची मंजुरी कधी ब्रुसेल्समध्ये, युरोपीय आयोगाकडे अडते. पण त्यांचे पडसाद सांगलीत विश्रामबागेतल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि कराडच्या संगणक प्रयोगशाळेतही उमटतात. हे पडसाद कसे पोचतात, हे पाहिल्याशिवाय हा विषय नीट कळत नाही.

अधिग्रहणात नेमके काय विकले जाते

कंपनी विकली जाते तेव्हा तिचे कर्मचारी, सर्व्हर, ग्राहकांशी झालेले करार, नावाचे व बोधचिन्हाचे हक्क, संकेतस्थळाचा पत्ता आणि तिच्याकडे असलेला कॉपीराइट नव्या मालकाकडे जातो. आधीच प्रसिद्ध झालेल्या कोडवर जनतेला दिलेला परवाना मात्र विकला जात नाही. जीपीएलसारख्या परवान्याखाली (जो बदललेला कोड वाटतानाही खुलाच ठेवायला लावतो) ज्याच्या हाती कोड आला, त्याचा तो वापरण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क मालक बदलल्याने संपत नाही.

सहकाराच्या या पट्ट्यात हा फरक साखर कारखान्यावरून चटकन कळतो. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार ऊस उत्पादक सभासदाला सर्वसाधारण सभेत एक मत असते. पण कारखाना भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे गेला तर त्याला दुसरा तसाच कारखाना शिवारात उभा करता येत नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हे अगदी उलट आहे. वर्षानुवर्षे कोड लिहिणाऱ्याला विक्रीच्या निर्णयात मत नसते, पण अख्ख्या कारखान्याची हुबेहूब प्रत तो दुसऱ्या दिवशी घेऊन बाहेर पडू शकतो. दारावरची पाटी आणि कामगारांचे पगार तेवढे मागे राहतात. समुदायाच्या बहुतेक लढाया याच दोन गोष्टींवरून होतात: नाव कुणाचे, आणि रोजचे काम कोण करणार.

मायएसक्यूएल

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हाताखालून हा डेटाबेस बहुधा जातोच. मायएसक्यूएल एबी ही स्वीडनची कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सने २००८ साली सुमारे १ अब्ज डॉलरना घेतली. २० एप्रिल २००९ रोजी ओरॅकलने खुद्द सनच ७.४ अब्ज डॉलरना घेत असल्याचे जाहीर केले, आणि इथे समुदायाला धोका दिसला. ओरॅकल ही महागड्या बंदिस्त डेटाबेसची सर्वांत मोठी विक्रेती. आपल्याच मालाला स्पर्धा करणारे फुकट उत्पादन ती कशाला वाढवील, असा साधा प्रश्न होता.

'मग फोर्क काढा' हे उत्तर इथे पुरेसे नव्हते. मायएसक्यूएल जीपीएलखाली मिळे, पण ज्यांना जीपीएलच्या अटी नको असत त्यांना कंपनी वेगळा व्यापारी परवाना विके. सगळा कॉपीराइट एकाच ठिकाणी असल्यानेच हे शक्य होते, आणि ते ठिकाण आता ओरॅकलचे होणार होते. फोर्क काढणाऱ्याला कोड मिळतो, हा दुहेरी धंदा मिळत नाही. मूळ निर्मात्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी युरोपीय आयोगाकडे विरोध नोंदवला आणि डिसेंबर २००९ मध्ये सह्यांची मोहीम उघडली. त्यांनी स्वतःच आधी कंपनी विकली होती, हा आक्षेप त्यांच्यावर तेव्हा घेतला गेला, आणि तो अगदीच गैरलागू नव्हता. तरी मुद्दा खरा होता. आयोगाने सखोल चौकशी केली. ओरॅकलने १० जाहीर आश्वासने दिली, आणि जानेवारी २०१० मध्ये सौदा पुरा झाला. विडेनियस यांनी मारियाडीबी हा फोर्क आधीच सुरू केला होता.

पुढचा परिणाम गाजावाजा न होता झाला, आणि तोच सांगलीपर्यंत पोचला. डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली, लिनक्सवर आधारलेली मुक्त संगणक प्रणाली. २०१७ साली आलेल्या डेबियन ९ मध्ये मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी आला. डेबियनवर काम चालवणाऱ्याने नेहमीप्रमाणे सिस्टीम अद्ययावत केली आणि खालचा डेटाबेस बदलला. टाइप करायची आज्ञा तीच, तक्तेही तेच. ब्रुसेल्समध्ये जो वाद हरल्यासारखा वाटला होता, त्याचा निकाल डेबियनच्या स्वयंसेवकांनी असा फिरवला.

ओपनऑफिस ते लिबरऑफिस

याच सौद्यात ओपनऑफिस हा मुक्त कार्यालयीन संचही ओरॅकलकडे गेला. हे सॉफ्टवेअर खुले झाले तेही एका अधिग्रहणामुळेच, हे विसरू नये: सनने १९९९ मध्ये स्टारडिव्हिजन ही जर्मन कंपनी घेतली आणि पुढच्या वर्षी तिच्या कार्यालयीन संचाचा कोड जगाला दिला. मालक बदलणे दर वेळी वाईटच असते असे नाही. ओरॅकलच्या हाती कारभार गेल्यावर मात्र विकसकांनी वाट पाहिली नाही. २८ सप्टेंबर २०१० रोजी द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा झाली. जुने नाव दान करावे अशी विनंती ओरॅकलला करण्यात आली. ते न मिळाल्याने लिबरऑफिस हे नाव कायम झाले. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या एप्रिल २०११ च्या आवृत्तीत लिबरऑफिसच होते. त्याच वर्षी ओरॅकलने ओपनऑफिस अपाची फाउंडेशनला देऊन टाकले, तोवर काम करणारी माणसे निघून गेली होती.

मराठी वापरकर्त्याला यात एक गोष्ट फार मोलाची होती. भाषांतराच्या फायलीही कोडबरोबरच मुक्त परवान्याखाली असतात, त्यामुळे मेनूतले मराठी शब्द फोर्कबरोबर पुढे गेले. शिवाय दस्तऐवज ओडीएफ या २००६ पासूनच्या आंतरराष्ट्रीय मानकात साठवलेले असल्याने सॉफ्टवेअरचे नाव बदलले तरी फायली उघडत राहिल्या. ज्यांनी जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत टाइप केलेली लग्नपत्रिका किंवा खरेदीखत दुसऱ्या संगणकावर उघडून नुसती रोमन अक्षरांची रास पाहिली आहे, त्यांना या गोष्टीची किंमत वेगळी सांगायला नको.

कोहा : छोट्या गावच्या वाचनालयाचा झगडा

या विषयावरचे सर्वांत बोलके उदाहरण अब्जावधींच्या सौद्यांतले नाही. कोहा ही ग्रंथालय व्यवस्थापनाची प्रणाली भारतातल्या अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांत वापरली जाते. पुस्तकांच्या नोंदी, देवघेव, वाचकांचे खाते, वाचकांसाठीची ऑनलाइन तालिका हे सारे तिच्यावर चालते. तिचा जन्म न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागात झाला. तिथल्या लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती. नवी विकत घेण्याऐवजी ट्रस्टने कटिपो या स्थानिक कंपनीकडून ती लिहून घेतली, जीपीएलखाली सर्वांना दिली, आणि जानेवारी २००० च्या पहिल्याच आठवड्यात वापरात आणली.

२००७ साली अमेरिकेतल्या लिबलाइम या कंपनीने कटिपोचा कोहा विभाग घेतला. संकेतस्थळाचा मूळ पत्ताही तिच्या ताब्यात आला. दोन वर्षांनी लिबलाइमने आपल्या ग्राहकांसाठी वेगळी आवृत्ती जाहीर केली आणि समुदायाशी तिचे फाटले. २०१० मध्ये पीटीएफएस या कंपनीने लिबलाइमच घेतली. कोड सर्वांचा होता, पण दाराची किल्ली कंपनीकडे होती. तेव्हा जगभरातल्या ग्रंथपालांनी आणि विकसकांनी नवा पत्ता घेतला, प्रकाशनाचे काम निवडलेल्या स्वयंसेवकांवर सोपवले, आणि मूळ होरोव्हेनुआ ट्रस्टने प्रकल्पाच्या मालमत्तेचे पालकत्व घेतले. २०११ मध्ये न्यूझीलंडमध्ये 'कोहा' या नावाच्या व्यापारचिन्हावर कंपनीचा अर्ज पुढे सरकल्यावर ट्रस्टने कायदेशीर विरोधासाठी मदत मागितली, आणि देशोदेशींहून देणग्या आल्या. नाव समुदायाकडेच राहिले. आज कोहाच्या नव्या आवृत्त्या ठरलेल्या वेळी येतात आणि त्या समुदायाच्याच पत्त्यावरून येतात.

या झगड्यात कोहाचे नाव बदलावे लागले नाही, हे विशेष. फोर्क कंपनीचा ठरला, मूळ प्रवाह समुदायाचा. भारतातल्या ज्या ग्रंथपालाने या काळात एक अक्षरही लिहिले नाही, त्याच्याही नोंदी या लोकांनी राखल्या.

रेड हॅट आणि सेंटओएस

२८ ऑक्टोबर २०१८ रोजी आयबीएमने लिनक्सवर व्यवसाय करणारी रेड हॅट ही कंपनी ३४ अब्ज डॉलरना घेत असल्याची घोषणा केली. जुलै २०१९ मध्ये व्यवहार पुरा झाला. दक्षिण महाराष्ट्रातल्या लिनक्स शिकणाऱ्या मुलांना रेड हॅट दूरची नाही. पुण्यात तिचे मोठे कार्यालय आहे, आरएचसीएसए आणि आरएचसीई या तिच्या प्रमाणपत्रांच्या परीक्षा नोकरीच्या आशेने दिल्या जातात, आणि मराठीसह भारतीय भाषांचे लोहित टंक तिनेच मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले आहेत.

घोषणेच्या दिवशी मोठा उद्रेक झाला नाही. तो झाला ८ डिसेंबर २०२० रोजी. सेंटओएस ही रेड हॅटच्या सशुल्क लिनक्सची फुकट मिळणारी प्रतिकृती होती. प्रयोगशाळा, छोट्या कंपन्या आणि शिकाऊ मुले यांचा तिच्यावर भर होता. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळेल असे लोक धरून चालले होते. तो ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल, असे त्या दिवशी कळले. काही तासांतच सेंटओएसचे एक संस्थापक ग्रेगरी कर्टझर यांनी रॉकी लिनक्स या नव्या प्रतिकृतीची हाक दिली. क्लाउडलिनक्स या कंपनीने सुरू केलेली आल्मालिनक्स ही दुसरी प्रतिकृती मार्च २०२१ मध्ये वापरायला मिळाली. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या सशुल्क लिनक्सचा सोर्स ग्राहकांव्यतिरिक्त इतरांना देण्याची पूर्वीची पद्धत बंद केली, तेव्हा या प्रतिकृतींनाही नवे मार्ग शोधावे लागले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये प्रतिकृतींसाठी सोर्स खुला ठेवण्याकरिता जी आघाडी झाली, तिच्यात सूसे ही लिनक्स कंपनी आणि रॉकीमागची सीआयक्यू यांच्याबरोबर ओरॅकलही होती.

सेंटओएस २०१४ मध्येच रेड हॅटच्या छत्राखाली गेली होती आणि नावाचे हक्कही तिकडेच होते. म्हणजे निर्णयाचा अधिकार समुदायाच्या हातून आयबीएम येण्याच्या कितीतरी आधी निसटला होता. दोष एकट्या आयबीएमला देणे म्हणूनच पुरेसे नाही.

जिथे गोंधळ झाला नाही

मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये गिटहब हे कोड ठेवण्याचे संकेतस्थळ ७.५ अब्ज डॉलरच्या समभागांत घेतले, तेव्हा अनेकांनी आपले प्रकल्प गिटलॅब या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर हलवले. बहुसंख्य मात्र जागचे हलले नाहीत. याहून शिकण्यासारखे उदाहरण क्यूटीचे आहे. केडीई हा लिनक्सवरचा डेस्कटॉप क्यूटी या प्रोग्राम बांधण्याच्या साधनसंचावर उभा आहे. क्यूटीच्या मालक कंपनीशी केडीईने १९९८ मध्येच करार केला: मुक्त आवृत्ती १२ महिने प्रसिद्ध झाली नाही, तर शेवटची आवृत्ती बीएसडी पद्धतीच्या (फारशा अटी नसलेल्या) परवान्याखाली सर्वांना खुली करण्याचा अधिकार स्वतंत्र प्रतिष्ठानाला मिळेल. पुढे क्यूटी ट्रोलटेककडून नोकियाकडे आणि तिथून डिजियाकडे गेली. केडीई टिकून राहिला. ज्यांनी चांगल्या दिवसांत कागद करून ठेवला, त्यांना वाईट दिवसांत आरडाओरडा करावा लागला नाही.

सांगली-सातारा

या भागात मुक्त सॉफ्टवेअरचा वावर मुख्यतः शिक्षणसंस्थांतून आहे. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात (स्थापना १९४७) विद्यार्थ्यांचा वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप आहे. तो नवख्यांसाठी लिनक्सच्या कार्यशाळा घेतो. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न इतर महाविद्यालये यांतून दरवर्षी ही साधने हाताळलेली मुले बाहेर पडतात. जाहीर पत्रांवर इथल्या सह्या क्वचितच दिसत असतील. इथला प्रतिसाद कामातून दिसतो: प्रयोगशाळेत सेंटओएसऐवजी उबुंटू किंवा रॉकी चढवणे, जुन्या धड्यातली आज्ञा मारियाडीबीवर चालते का ते तपासणे, ज्युनिअरला नवी पद्धत शिकवणे. हे कष्ट कुठल्याच सौद्याच्या किमतीत धरलेले नसतात.

ग्रंथालय, पतसंस्था किंवा शाळेसाठी सॉफ्टवेअर निवडताना फुकट आहे का, एवढेच अजूनही विचारले जाते. वरच्या उदाहरणांवरून त्याहून महत्त्वाचे प्रश्न दिसतात. नावाचा हक्क कंपनीकडे आहे की प्रतिष्ठानाकडे? योगदान देणाऱ्याकडून कॉपीराइट लिहून घेतला जातो का? कोड एकाच कंपनीचे नोकर लिहितात की अनेक ठिकाणचे लोक? आपला डेटा प्रमाणित स्वरूपात बाहेर काढता येतो का? कोहामधल्या नोंदी मार्क २१ या ग्रंथालयीन नोंदींच्या प्रमाणित स्वरूपात काढून दुसऱ्या प्रणालीत नेता येतात, म्हणून कोहा वापरणारे ग्रंथालय कुणाचे ओलीस होत नाही. केंद्र सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे आणि २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले, तेव्हा एकाच विक्रेत्यावर अवलंबून राहण्याचा धोका समोर होताच.

भाषांतर हा इथल्या माणसाला सर्वांत सोपा शिरकाव आहे. लिबरऑफिस आणि कोहा या दोन्ही प्रकल्पांची भाषांतरे वेबलेट या मुक्त साधनावर चालतात. खाते उघडून मराठीतल्या रिकाम्या वाक्यांसाठी भाषांतर सुचवता येते. त्यासाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. स्वीकारलेले वाक्य प्रकल्पाच्या परवान्याखाली जाते, आणि उद्या मालक बदलून फोर्क निघालाच, तर तेही कोडबरोबर नव्या घरी जाते.