हौशे, नवशे, गवशे

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की विदर्भातल्या कोणत्याही पारावर हे तीन शब्द एका दमात ऐकू येतात. ही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे अर्ज भरायला गर्दी उसळते आणि कोणीतरी म्हणतोच, "यंदा हौशे, नवशे, गवशे समदेच उभे हायेत!" त्यातला हौशा म्हणजे सगळ्याला हात लावून पाहणारा. आज सरपंचकी, उद्या शेळीपालन, परवा भजनी मंडळ. मुळाशी कशाच्याच नाही.

शब्दांचं हे त्रिकूट मात्र जत्रेतलं. अमरावती जिल्ह्यात, चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची जत्रा डिसेंबरच्या उत्तरार्धापासून महिनाभर भरते. तिथे नवशा लांबूनच ओळखू येतो. सगळं घरदार सोबत, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे. कणकेच्या गोळ्यावर थरावर थर चढवून ते भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे आणि आधी देवाला दाखवायचे. हौशा येतो हंडीतल्या मटणासाठी आणि पाळण्यात बसायला. गवशाला देवाशीही देणंघेणं नाही नि मटणाशीही. गर्दीत जे हाती लागेल ते त्याचं, मग पाकीट का असेना.

गवशाचं कूळ पाहिलं तर हसू येतं. 'गवसणे'च्या मागे संस्कृतातलं गवेषण आहे, आणि त्याचा पहिला अर्थ हरवलेली गाय शोधणं. पुढे कोणताही शोध, अगदी विद्वानांचं संशोधनसुद्धा, गवेषणा झालं. म्हणजे खिसेकापू आणि पीएच.डी.वाला एकाच गोठ्यातले!

हौस आली अरबीतल्या 'हवस'वरून, फारसीच्या वाटेने. वऱ्हाडात ही वाट चांगलीच मळलेली होती. अचलपूरला इमादशाही सल्तनतीची राजधानी होती, 1574 मध्ये ती सल्तनत बुडाली. पुढे मोगल आले, मग निजाम, आणि 1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. तोवर दफ्तर, बाजार, कज्जे, सगळीकडे फारसी शब्द रुळून गेले होते. गंमत अशी की उर्दूत हवस आजही लाळ गाळणारी, बदनाम. मराठीत तीच हौस झाली आणि लेकीबाळींच्या कौतुकाला लागली. हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतो. हौशाला मात्र नाकं मुरडतो.

असंच दुसरीकडेही घडलं आहे. इटालियनमधला 'दिलेत्तान्ते' म्हणजे मुळात कलेत आनंद घेणारा. आनंद देणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आलेला. लंडनमध्ये 1734 च्या सुमारास इटली पाहून आलेल्या सरदारपुत्रांनी याच नावाने मंडळ काढलं आणि ते अभिमानाने मिरवलं. दारूपार्ट्यांसाठी त्यांची थट्टा झाली, पण 1764 मध्ये ग्रीक अवशेषांच्या अभ्यासासाठी आयोनियाची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्याची, मोहीम त्यांनीच पैसे घालून पाठवली. पुढे प्रत्येक विद्येत पगारी जाणकार तयार झाले आणि 'दिलेत्तान्ते' म्हणजे वरवरचा, उथळ, असा अर्थ पक्का झाला.

माझ्या मते हौशाचंही तेच झालं. झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या धानपट्ट्यात, धान निघालं की मंडई नावाची जत्रा भरायची, दंडार नि खडीगंमत हे लोकनाट्याचे खेळ रंगायचे, गावातलीच पोरं तोंडाला रंग फासून रात्रभर नाटक करायची. त्यांना हौशी म्हणणं हा अपमान नव्हता; दुसरं कोण करणार होतं? आता त्याच भागातल्या वडश्याच्या नाटक मंडळ्या दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव सुपारी घेऊन फिरतात. त्यांच्या शेजारी गावचा नट कच्चा दिसणारच.

खऱ्या उथळासाठी संस्कृताने वेगळा शब्द ठेवला आहे: पल्लवग्राही. खोड सोडून नुसती कोवळी पालवी खुडणारा. एका सुभाषितात पुरुषाच्या तीन विडंबना सांगितल्या आहेत. त्यात पल्लवग्राही पांडित्य पहिलं, दुसऱ्याच्या मर्जीवरचं जेवण तिसरं. मधली विकतच्या शय्येची, म्हणून शाळेत हा श्लोक कोणी पूर्ण शिकवत नाही.