बॉर्डरपलीकडचा शेजारी मदत कधी करतो? भूतान, म्यानमार आणि आपल्या ईशान्येची पार्श्वभूमी

मणिपूर किंवा नागालँडच्या बॉर्डरवर काही मोठं घडलं की दोन दिवस सगळ्या चॅनेलवर "हॉट पर्सूट", "घुसून मारलं" वगैरे चालतं, तिसऱ्या दिवशी विषय गायब, आणि मुंबईत बसून आपल्याला वाटतं की हे सगळं कुठेतरी फार लांब चाललंय. पण सातारा-कोल्हापूर-सांगलीकडची किती पोरं त्या डोंगरात ड्युटी करून आलीत, कलिना-वाकोल्याला मणिपूर-मिझोरामची किती मुलं राहतात, त्यांना विचारा ते लांब आहे का. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढूया की शेजारी देशाचं लष्कर आपल्याला बंडखोरांविरुद्ध मदत कधी करतं, कधी करत नाही, आणि का. कारण माझं ठाम मत झालंय की करारावर सही आहे की नाही याने फारसा फरक पडत नाही. ते बंडखोर त्या शेजाऱ्याला स्वतःची डोकेदुखी वाटतात का, आणि त्या जंगलावर मुळात त्याचा ताबा आहे का, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं.

सुरुवात खूप मागून करावी लागते आणि त्यात मुंबई आहेच. रत्नागिरीला गेलेल्या सगळ्यांनी थिबा पॅलेस बघितलेला असतो, पण तो बर्माचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, राजा कोकणात आला कसा ते फार कमी लोकांना माहीत असतं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ साली इथे मुंबईत सुरू झालेली कंपनी, बर्मातलं सागवान तोडून विकायची, आणि १८८५ मध्ये मंडालेच्या दरबाराने तिच्यावर लाकूड कमी दाखवून नेल्याबद्दल मोठा दंड ठोकला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं, नोव्हेंबरात फौज इरावतीतून वर गेली, थिबा राजाला कुटुंबासकट उचलून आधी मद्रास आणि मग रत्नागिरी, आणि १ जानेवारी १८८६ ला उरलेला बर्मा ब्रिटिश राज्यात सामील. त्याच्याही आधी १८२६ च्या यांदाबोच्या तहात बर्माने आसाम आणि मणिपूरवरचा हक्क सोडला होता आणि १८३४ मध्ये मणिपूरची काबाव दरी इंग्रजांनी परत बर्माला देऊन टाकली. म्हणजे रेषा कुठून जाणार हे तिथे राहणाऱ्या नागा, कुकी, चिन, मैतेई कोणालाच विचारलं गेलं नाही. १९३७ ला बर्मा हिंदुस्थानपासून वेगळा झाला, १९४८ ला स्वतंत्र झाला, १९६७ ला दोन्ही देशांनी सीमा करार केला, आणि आज ती बॉर्डर १६४३ किलोमीटर आहे, अरुणाचल, नागालँड, मणिपूर, मिझोराम अशी चार राज्यं.

ही रेषा प्रत्यक्षात कशी आहे ते बघायचं असेल तर मोन जिल्ह्यातलं लोंगवा गाव. कोन्याक नागांच्या आंगचं, म्हणजे तिथल्या राजाचं, घर बॉर्डरवरच आहे, अर्धं भारतात अर्धं म्यानमारमध्ये, आणि त्याला मानणारी गावं दोन्हीकडे. आता अशा ठिकाणी बंदूक घेतलेला एखादा पोरगा घराच्या या दारातून शिरून त्या दारातून बाहेर गेला की तो दुसऱ्या देशात पोचला, आणि आपला जवान तिथेच थांबणार. ईशान्येतल्या सगळ्या बंडांची ताकद शस्त्रांपेक्षा याच्यात जास्त होती असं मला वाटतं.

एकत्र काहीतरी करायला हवं हे दोन्ही सरकारांना फार लवकर कळलं होतं. १९४९ मध्ये कॅरेन आणि कम्युनिस्ट बंडाने बर्माचे पंतप्रधान ऊ नू यांचं सरकार इतकं आवळलं होतं की लोक त्याला रंगून गव्हर्नमेंट म्हणायचे, त्या वेळी नेहरूंनी त्यांना शस्त्रं पाठवली. मग १९५३ च्या मार्चमध्ये नेहरू आणि ऊ नू दोघं मिळून नागा भागात फिरले. ३० मार्चला कोहिमात सभा होती, नागा नेत्यांना आपलं निवेदन द्यायचं होतं, जिल्हाधिकाऱ्याने परवानगी दिली नाही, तर जमलेले लोक भाषणाआधीच उठून चालायला लागले, दोन देशांचे पंतप्रधान स्टेजवर आणि समोरचं मैदान रिकामं होतंय. त्या दिवशी ते निवेदन नुसतं हातात घेतलं असतं तर पुढचं काही वेगळं झालं असतं का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. १९५६ पर्यंत तिथे आर्मी उतरली होती.

पुढे १९६२ ला बर्मात लष्करप्रमुख ने विनने सत्ता घेतली, हजारो भारतीयांना बर्मा सोडावा लागला (मणिपूरमध्ये मोरेला आजही तमिळ वस्ती आहे ती त्यातलीच), आणि संबंध थंड पडले. मधल्या काळात नागा गट काचिनच्या डोंगरातून थेट चीनला जाऊन ट्रेनिंग घेऊन यायला लागले, मिझो नॅशनल फ्रंटने १९६६ नंतर पूर्व पाकिस्तानात तळ टाकले, १९७९ ला आसाममध्ये उल्फा ही सशस्त्र फुटीर संघटना, १९८० ला नागा बंडखोरांची एनएससीएन. १९८८ ला एनएससीएन फुटली आणि खापलांग गट म्यानमारच्या बाजूला घट्ट बसला, कारण खापलांग स्वतः तिकडचाच नागा होता. हे पुढे महत्त्वाचं आहे.

त्याच १९८८ मध्ये बर्मात लोकशाहीचं आंदोलन चिरडलं गेलं, भारताने उघडपणे आंदोलकांची बाजू घेतली, आँग सान सू ची तर दिल्लीत शिकलेल्या, आपल्याकडे त्यांच्याबद्दल आपुलकी होतीच. पण नव्वदच्या दशकात नरसिंह रावांचं सरकार लूक ईस्ट, म्हणजे पूर्वेकडच्या देशांशी जवळीक, म्हणायला लागलं आणि दिल्लीने लष्करशाहीशी बोलायला सुरुवात केली, १९९४ ला सीमेवरच्या सहकार्याचा करार झाला, १९९५ ला मोरे-तामू व्यापार उघडला. आणि त्याच वर्षी आलं ऑपरेशन गोल्डन बर्ड. बांगलादेशात कॉक्सबाजारजवळ समुद्रकिनाऱ्यावर शस्त्रं उतरली होती, ती घेऊन नागा, मणिपुरी आणि उल्फाच्या लोकांचं मोठं पथक मिझोरामच्या कडेकडेने पायी मणिपूरकडे निघालं होतं, आपली ५७ माउंटन डिव्हिजन एका बाजूने आणि म्यानमारचं लष्कर दुसऱ्या बाजूने, असा फास टाकला गेला. एप्रिल-मे, पावसाच्या तोंडावर, तिथलं बांबूचं जंगल. तीस-चाळीस बंडखोर मारले गेले, शंभरावर पकडले. आणि ऐन रंगात सू ची यांना नेहरू पुरस्कार जाहीर झाल्याने म्यानमारचे जनरल भडकले आणि त्यांनी हात काढून घेतला, उरलेलं पथक निसटलं, असं तेव्हापासून सांगितलं जातं. पुरस्कार देणं चूक होतं असं मी अजिबात म्हणणार नाही, त्या तेव्हा घरात कैद होत्या. पण लष्करशाहीबरोबरची मैत्री किती पातळ असते ते तेव्हा कळायला हवं होतं.

आता याच्या अगदी उलट केस, भूतान. माझ्या मते या सगळ्या इतिहासात शेजाऱ्याने पूर्ण ताकदीने केलेली कारवाई ही एकच.

१९९० ला ऑपरेशन बजरंग आणि १९९१ ला ऱ्हायनो या आपल्या आर्मीच्या कारवाया झाल्यावर उल्फावाले आसाममधून पळून दक्षिण भूतानच्या जंगलात घुसले, मागोमाग बोडोंचा एनडीएफबी, मग उत्तर बंगालचा केएलओ. भूतानचं लष्कर तेव्हा साधारण सहा हजाराचं, आणि जंगलात हत्यारबंद लोक सुमारे तीन हजार, विचार करा. भूतानने आधी वर्षानुवर्षं बोलणी केली, त्यांच्या नॅशनल असेंब्लीत दरवर्षी हाच विषय, २००१ च्या जूनमध्ये उल्फाने नऊपैकी चार कॅम्प बंद करायचं कबूल केलं, पण माणसं तिथेच आसपास राहिली. शिवाय भूतानच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचं तर सोपा रस्ता आसाममधूनच, आणि २००० च्या डिसेंबरात तिथे भूतानी प्रवाशांवर हल्ले झाले, माणसं गेली. दिल्लीचा दबाव होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही, पण मुख्य म्हणजे भूतानलाच वाटायला लागलं होतं की आपल्याच जमिनीवर आपला हुकूम चालत नाही.

१३ डिसेंबर २००३ ला शेवटची दोन दिवसांची मुदत दिली आणि १५ ला ऑपरेशन ऑल क्लिअर सुरू झालं. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः आघाडीवर होते. एकूण तीस कॅम्प, उल्फाचे तेरा, एनडीएफबीचे बारा, केएलओचे पाच, मुख्य तळ काही दिवसांतच पडले. आपली आर्मी भूतानात लढायला गेली नाही, तिने आसाम आणि बंगालच्या बाजूने बॉर्डर सील केली आणि पळून खाली येणाऱ्यांना पकडलं. उल्फाचे वयोवृद्ध विचारवंत भीमकांत बुरागोहाईं तिथेच पकडले गेले. बायका-मुलांना आसामच्या प्रशासनाकडे सोपवलं. भूतानसाठी हे १८६४-६५ च्या डुआर युद्धानंतरचं पहिलं युद्ध होतं.

भूतान टूरला गेलेल्या मंडळींनी थिंफूहून पुनाखाला जाताना दोचुला पासला उतरून त्या छोट्या छोट्या पांढऱ्या-लाल स्तूपांसमोर फोटो काढलेले असतात. ते १०८ चोर्तेन याच कारवाईत गेलेल्या भूतानी सैनिकांच्या स्मरणार्थ राजमाता आशी दोरजी वांग्मो यांनी बांधून घेतलेत. गाइड बहुतेक वेळा हिमालय दिसतोय का तेवढंच सांगतो, पण ते सैनिक ज्या तळांवर लढले त्या तळांमुळे आसाममधली कितीतरी गावं दहशतीत होती, म्हणून पुढच्या वेळी तिथे थोडं थांबा. २००७ मध्ये भारत-भूतान मैत्री करार नव्याने झाला त्यात तर स्पष्ट लिहिलंय की एकमेकांच्या सुरक्षेला बाधक कामांसाठी कोणीही आपली जमीन वापरू देणार नाही. म्हणजे कारवाई आधी, करार नंतर.

बांगलादेशचं थोडक्यात. २००४ च्या एप्रिलमध्ये चितगावला दहा ट्रक भरून शस्त्रं सापडली ती उल्फासाठी होती असं तिथल्या खटल्यात पुढे आलं, आणि २००९ मध्ये शेख हसीना सत्तेत आल्यावर चित्र पालटलं, त्याच वर्षाच्या डिसेंबरात उल्फाचे अध्यक्ष अरविंद राजखोवा भारताच्या ताब्यात, २०१५ ला त्यांचेच दुसरे नेते अनुप चेतिया. तिथे लष्करी ऑपरेशन लागलंच नाही, ढाक्यातलं सरकार बदललं आणि काम झालं.

म्यानमारमध्ये मात्र गाडी सारखी पुढे-मागे. २००४ ला जनरल थान श्वे दिल्लीत येऊन आश्वासन देऊन गेले. पण २०१२ मध्ये म्यानमार सरकारने खापलांग गटाशी स्वतःचा युद्धविराम केला, म्हणजे जो गट आपल्यावर गोळ्या झाडतो तो त्यांच्यासाठी शांत बसलेला गट, त्यांनी त्याच्यावर बंदूक कशाला उचलायची? मार्च २०१५ ला खापलांगने आपल्याबरोबरचा युद्धविराम मोडला आणि ४ जूनला मणिपूरच्या चंदेल जिल्ह्यात ६ डोग्राच्या ताफ्यावर हल्ला झाला, १८ जवान गेले. ९ जूनला आपल्या पॅरा कमांडोंनी कारवाई केली, आर्मीने सांगितलं की म्यानमारच्या अधिकाऱ्यांशी संपर्क आहे, आणि इकडे मंत्री-चॅनेल सगळे ढोल वाजवायला लागल्यावर तिकडून सांगण्यात आलं की आमच्या हद्दीत काही झालंच नाही. गुपचूप मिळालेल्या मदतीचा गाजावाजा केला की शेजाऱ्याची त्याच्याच लोकांसमोर पंचाईत होते, आणि पुढच्या वेळी तो दहादा विचार करतो.

खरी देवाणघेवाण झाली २०१९ मध्ये. आपल्याला हवा होता कलादान प्रोजेक्ट, कोलकात्याहून समुद्राने सित्वे, तिथून नदीने पालेत्वा, मग रस्त्याने मिझोराम, आणि त्या पट्ट्यात अराकान आर्मी ही तिथली बंडखोर संघटना जोर धरत होती. अराकान आर्मी ही म्यानमारच्या लष्कराची मोठी डोकेदुखी, आणि खापलांग गट आपली. तोपर्यंत खापलांग वारले होते (२०१७), गटात भारताकडचे आणि म्यानमारकडचे नागा अशी फूट पडली होती. जानेवारीच्या शेवटी म्यानमारच्या लष्कराने खापलांग गटाचं तागा इथलं मुख्यालय ताब्यात घेतलं, आणि आपण ऑपरेशन सनराइज करून मिझोरामच्या दक्षिण टोकाला अराकान आर्मीची वाट बंद केली, मे-जूनमध्ये दुसरा टप्पा. मे २०२० ला म्यानमारने मणिपूर-आसामचे २२ बंडखोर विशेष विमानाने आपल्या हवाली केले. त्याच वर्षी आपण त्यांना सिंधुवीर पाणबुडी दिली.

आणि मग १ फेब्रुवारी २०२१, लष्कराने पुन्हा सत्ता घेतली आणि सगळा डाव उलटला. त्यांच्याच तरुणांनी हत्यारं उचलली, आणि त्या तरुणांशी लढायला म्यानमारच्या लष्कराने बॉर्डरला लागून असलेल्या सागाइंग भागातल्या मणिपुरी बंडखोरांनाच हाताशी धरल्याच्या बातम्या सतत येत राहिल्या. म्हणजे काल ज्यांना विमानात बसवून पाठवलं त्यांचेच साथीदार आज कामाचे. त्याच वर्षी नोव्हेंबरात मणिपूरच्या चुराचांदपूरमध्ये आसाम रायफल्सचे कर्नल विप्लव त्रिपाठी, त्यांची पत्नी आणि लहान मुलगा यांना मारलं गेलं. ती बातमी आठवली की अजूनही गलबलून येतं.

मिझोरामने मात्र तीस हजारांहून जास्त चिन निर्वासितांना घरात घेतलं कारण ते त्यांचे नातेवाईकच आहेत. दिल्लीने फेब्रुवारी २०२४ ला बॉर्डरवरची मोकळी ये-जा बंद करून पूर्ण कुंपण घालायचं जाहीर केलं तेव्हा मिझोराम आणि नागालँड दोन्ही विधानसभांनी विरोधाचे ठराव केले. सुरक्षेची काळजी मला समजते, पण १८२६ पासून जे झालं तेच परत होतंय, रेषेवरच्या माणसाला कोणी विचारत नाहीये.

दरम्यान पलीकडे जबाबदार धरता येईल असं लष्करच बॉर्डरच्या बऱ्याच भागात उरलं नाही. नोव्हेंबर २०२३ ला मिझोरामच्या झोखावथारसमोरचं रिखावदार चिन गटांनी घेतलं, म्यानमारचे सैनिक पळून आपल्याकडे आले आणि आपणच त्यांना विमानाने परत पाठवलं. जानेवारी २०२४ ला पालेत्वा अराकान आर्मीच्या हातात गेलं, म्हणजे कलादानचा रस्ता ज्यांच्या भागातून जातो ते आता तेच, ज्यांची वाट पाच वर्षांपूर्वी आपण बंद केली होती. आणि फेब्रुवारीअखेर मिझोरामचे राज्यसभा खासदार वनलालवेना बॉर्डर ओलांडून त्यांना भेटायला गेले, रस्त्याचं काम पुढे कसं न्यायचं ते बोलायला.