‘कोणाचो रे तू?’ आणि ४८ गुण

सावंतवाडीकडच्या वाडीत नवख्या पोराला आधी नाव विचारत नाहीत. “कोणाचो रे तू?” हा पहिला प्रश्न. घर कळलं की मगच बोलणं पुढे सरकतं. कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गात याला ‘समूहप्रधान संस्कृती’ म्हणतात आणि समोर ‘व्यक्तिप्रधान’ अमेरिका उभी करतात.

‘व्यक्तिवाद’ हा शब्द अलेक्सी द तोकव्हिल या फ्रेंच लेखकाने १८४० मध्ये अमेरिकेबद्दल लिहिताना वापरला, तोही कौतुकाने नव्हे. माणूस आपल्या घरच्यांत आणि मित्रांत रमतो नि मोठ्या समाजाला वाऱ्यावर सोडतो, ही त्याची तक्रार. (या व्याख्येने आमची भावकीही व्यक्तिवादीच ठरेल.) आकडे आले ते डच अभ्यासक गेर्ट हॉफस्टेड यांच्यामुळे. आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ दरम्यान भरून घेतलेल्या लाखाहून जास्त प्रश्नावल्या त्यांनी तपासल्या. १९८० मध्ये निष्कर्ष छापले: व्यक्तिवादात अमेरिकेला ९१, भारताला ४८. म्हणजे साधारण शून्य ते शंभरच्या पट्टीवर जवळजवळ मध्यावर. हे गुण देशाच्या सरासरीचे, एकेका माणसाचे नव्हेत, हे त्यांनीच बजावलं होतं. वर्गात तेवढं नेमकं गाळतात.

मला तो ४८ पटतो, कारण चाकरमानी तसाच घडला. मुंबईत १८५६ मध्ये पहिली सूतगिरणी सुरू झाली आणि कोकणातला माणूस मजुरीला गेला. पगार त्याच्या एकट्याच्या नावावर, पण राहणं गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत. १८८० पासून मनीऑर्डरची सोय झाली आणि त्याची कमाई घरी पोचू लागली. गावाकडची जमीन मात्र वाटली गेलीच नाही. आमच्या बागेच्या सातबाऱ्यावर आज ३१ नावं आहेत.

गेल्या साली अमेरिकेतल्या चुलतभावाने बागेविषयी लिहिलं, “काका, विकायची की नाही, शुक्रवारपर्यंत ईमेलवर कळवा.” काकांनी मला उत्तर सांगितलं, “लिही, बघूया. गणपतीत बसान बोलूया.” त्याला वाटलं, होकारच आहे, फक्त उशीर होतोय. घरातल्या आम्हा सगळ्यांना तो नकार ऐकू आला होता, निदान थोरल्या काकांना विचारल्याशिवाय नाही, एवढा तरी. संदर्भातून समजून घ्यायच्या असल्या बोलण्यावर एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ मध्येच लिहून ठेवलंय.

भाऊ गणपतीला आला. आरती झाली, ओटीवर बसणं झालं, सुपारी कातरली गेली, पावसाच्या गप्पा झाल्या. बागेबद्दलचं पहिलं वाक्य रात्री साडेदहाला निघालं.